अपेक्षाचं आडवं झाड

२ जून, सोमवार
नात आली! अपेक्षा. आठवडाभर राहणार म्हणे. छावणीतल्या साऱ्या गल्लीला सांगून आले. मेथी केली, जून निघाली, तरी पोरीनं मुकाट खाल्ली. काय सांगत होते — हां. तिला सॉफ्टवेअर निवडायचंय. वैजापूरकडच्या बायांची गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी गावोगाव करावी का नाय, ते त्यावर मांडून साहेबांना दाखवायचंय.

३ जून
उष्णता आहेच. सब्जा घेतला.

४ जून
आज तिनं निर्णयाचं झाड दाखवलं. आडवं पडलेलं, बुंधा डावीकडं! चौकोन आला की आपण ठरवायचं — तपासणी करायची का नाय. गोल आला की आपल्या हातात काही नाय. टोकाला खर्च किती न् बाई जगली किती. मला नाय आवडलं. जगण्याला भाव लावता व्हय, म्हटलं.
"भाव नाय गं आजी. पैसा तेवढाच आहे. कुठं घातला तर जास्त बाया जगतील, ते बघायचं."
तीन सॉफ्टवेअर आहेत. विकतच्यात झाड लई देखणं. दुसऱ्यात नुसते तक्ते, फांद्या वाढल्या की गुंता. तिसरं फुकटचं, त्यात सगळं टाइप करत बसा. मी विकतच्यावर बोट ठेवलं. म्हणाली, तूबी आमच्या साहेबासारखी, चित्राला भुलतीस! लई हसलो.

६ जून
फुकटचंच घेतलं तिनं. त्यातला हिशेब कुणीबी उघडून तपासू शकतं म्हणून. झाड त्यातूनबी निघतं. एका फांदीवर लिहिलं होतं — लक्षण दिसलं, उशिरा आली. लक्षण म्हंजे काय, विचारलं. पाळी गेल्यावर परत डाग दिसणं, म्हणाली.
आमच्यात त्याला उष्णताच म्हणतात. माझी जाऊ सरूबाई शेवटपर्यंत सब्जाच प्याली. मी दिवाळीपासून पितेय.
पोरगी खुशीत आहे, काम जमलंय. तिला कशाला घोर लावू? पण ती फांदी डोळ्यांपुढून हलत नाय. तिच्या आधी चौकोन काढायला पाहिजे होता. सांगायचं का नाय, हे तर बाईच ठरवती.

७ जून
सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला. माझ्या चपला आणून पायापाशी ठेवल्या.