हलका व्हिसा की भारी?

सोमवार, दिवेलागण

माझी नात सुमी परदेशी शिकायला जाऊन राहिली. मले अक्षर येत नाही, म्हणून हे पानही तीच लिहून राहिली. आज गोंदियाच्या एजंटानं दोन व्हिसे सांगितले. एक काही महिन्यांचा, भाषेच्या वर्गापुरता. दुसरा पुऱ्या पदवीचा. मी म्हटलं, "हलक्या धानासारखा घे बाई, ते कसं लवकर पिकून घरी येते."

सुमी हसली. "आजी, त्याच्यावर पदवी होत नाही. अन् तो वाढवूनही भेटत नाही."

मग भारी? ते धान तर उशिरा पिकते, हलकं घरी आलं तरी शेतातच उभं राहते! भलं पोरीचं भारीतच आहे, हे समजते. तरी तोंडात हलकाच काऊन येते?

सुमे, लिही, भारीच घे. उद्या मी हलका म्हटलं, तर हे पान मले वाचून दाखव.