प्रार्थनाखोलीतला दगड

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या गावच्या हॉस्पिटलात, प्रार्थनाखोलीत, माझं शिल्प उभं राहिलं. घरी डोकावता आलं नाही, रागावू नकोस. काळा दगड, जरासा पुढे वाकलेला, वरच्या बाजूला एक खोल खळगा. बस्स.

आता गंमत ऐक. एका विश्वस्तांना त्यात कमान दिसली, दुसऱ्यांना ज्योत, तिसऱ्यांना जोडलेले हात. प्रत्येकाला दुसऱ्याच्या धर्माचं चिन्ह दिसलं आणि सगळेच रुसले! अध्यक्ष म्हणतात, पायथ्याशी सर्व धर्मांची चिन्हं कोरा, नाहीतर दगड परत न्या. मी नाही म्हटलंय. पण दगड परत आणायच्या गाडीचं भाडंही विचारून ठेवलंय.

वहिनीच्या ऑपरेशनचं काय ठरलं?

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकू

९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हेका सोड. देव म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी यावं लागतं. नुसत्या खड्ड्याकडे माणसानं काय मागायचं? चार चिन्हं कोरलीस तर तुझे हात झिजणार नाहीत.

वहिनीचं ऑपरेशन सोमवारी, त्याच हॉस्पिटलात. उलट तीच मला धीर देतेय, यावरून काय ते ओळख.

रागावलीस तरी लिहीत राहा.

दादा

१७ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी सुखरूप आहे. आज चहा बेचव म्हणून कुरकुरली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशन लांबलं तसा बाकावर बसवेना. तुझ्या त्या प्रार्थनाखोलीत गेलो. आधी चिडलोच, हात जोडायचे तरी कुणाला? मग दगडाला धरून उभा राहिलो, आणि कपाळ आपोआप त्या खळग्यात गेलं. बरोब्बर बसलं. देवाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. तोंडून आई गं एवढंच निघालं. मग पोटभर रडलो.

आज अध्यक्षांना गाठून सांगितलं, त्या दगडाला छिन्नी लावायची नाही. ते म्हणाले, त्यांनीही एका नर्सला तिथं तसंच टेकलेलं पाहिलंय. दगड आहे तसा राहतोय.

माया आहेच, लिहायला नको.

दादा

२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या शिल्पांच्या कारखान्यातच खाली बसले.

खळगा कशाचं प्रतीक, असं विश्वस्त खोदून खोदून विचारत होते. मी म्हणत राहिले, कशाचंच नाही. तुला सांगते. आई गेल्यावर तिचा चेहरा करायला घेतला होता. जमेना. हातांना आठवत होती ती फक्त तिच्या खांद्याजवळची जागा, ताप चढला की आपण डोकं खुपसायचो ती. तीच कोरली.

वहिनीला जप. मी रविवारी येतेय.

तुझी ठकू