आळणी वरण

मंगळवार, दिवे लावून झाल्यावर

किसन आज जेवताना म्हणला, "आई, वरण आळणी केलंस." दिवाळीपासून माझा लेक समोर येईल ते मुकाट गिळत होता. चिकलठाण्याला कंपनीत जाईना, जगून काय करू म्हणायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचा बंद उठल्यावर दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, घरात आधी कुणी जीव दिलाय का? सून खाली बघाया लागली. मीच म्हणलं, व्हय, याच्या आत्यानं. गावाला आम्ही तापानं गेली म्हणून सांगितलं होतं.

मेंदूत म्हणं एक रस असतो, इकडचा निरोप तिकडं नेणारा. त्याचं बिघडलं की मन विझतं, अन् ही खोड रक्तातून उतरू शकती. गोळ्यांना वेळ लागतो. लागू दे की! विरजण लावल्या लावल्या दही होतं का? शेजारीण भूत म्हणती. भूत असतं तर आधी तिचीच जीभ धरली असती.

वरण मी चाखलं. आळणीच होतं. "उद्यापासून तूच रांध," म्हणलं, तर हसला.

गोळ्यांची डबी अजून माझ्याच कमरेला राहील. अन् उद्या मीठ जरा कमीच टाकते. भांडतो का बघू.