सतरा नंबरसाठी समुद्राचं पाणी

सोम. ६ ऑक्टो.
१७ नं. पुन्हा फुसकी. कोकणातल्या समुद्री स्पंजच्या आतून काढलेली ही बुरशी. पहिल्या खेपेला तिच्या अर्कानं काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी पटापट मेल्या होत्या, आता ढिम्म. लॅबचे सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर १७ बंद." पहिल्या खेपेला ती खऱ्या समुद्राच्या पाण्यात वाढवली होती, नंतर पाकिटातलं मीठ घातलेल्या पाण्यात. तेच असेल का? पण चिंचवडात समुद्र आणू कुठून!

बुध. ८
शेजारचे तानाजीभाऊ चाकणहून उरणला ट्रेलर नेतात. जिन्यात भीत भीत विचारलं, कॅन्सरच्या औषधाच्या कामाला समुद्राचं पाणी आणाल का. "एवढंच व्हय, ताई? आणतो की." बंदरातलं तेलकट असतं, लांबच्या किनाऱ्याचं हवं, हेही वर सांगितलं. भाऊंनी मान डोलावली. किती भली माणसं.

शनि. ११
कॅन आला. पाणी अगदी नितळ. समुद्राचं, आणि नितळ? भाऊंच्या घरच्या, सुनंदावहिनी, खुशीत: "लई गढूळ व्हतं. तुरटी फिरवली, उकळलं, फडक्यानं गाळलं. औषधाचं काम हाय न्हवं?"
हवं होतं जसंच्या तसं! डोक्याला हात लावणार होते, लावला नाही. कंपनीची शिफ्ट करून आलेली बाई, दोन तास गॅसपाशी उभी. चहा घेतला, आभार मानले, अगदी मनापासून. आता वाढवते १७ त्यातच.

शुक्र. ३१
पेशी मेल्या!! निम्म्याहून जास्त. नाचले. मग आठवली तुरटी. मारलं कुणी, बुरशीनं की तुरटीनं? नुसतं तुरटीचं पाणी पेशींवर घालून बघायचं. शिवाय तुरटी न फिरवलेल्या समुद्राच्या पाण्यात १७ नव्यानं वाढवायची. सर चिडतील वाटलं, तर हसले. महिना वाढवून दिला. त्यांचेही उपकार.

रवि. २ नोव्हें.
वहिनींकडे गेले, जसंच्या तसं पाणी मागायला. आपलं चुकलं म्हणून त्या ओशाळल्या. मग हळूच, "ह्ये औषध माज्या आईला चालंल का?"
त्यांच्या आईची केमो चालू आहे. मला पत्ताच नव्हता. खोटं बोलवेना. म्हटलं, वहिनी, हाती काही लागलंच तरी दहा-पंधरा वर्षं जातील. आईंना नाही मिळायचं. लागेलच असंही नाही.
वहिनी कॅन ओढून विसळायला बसल्या.
"बरं. पाणी किती लागंल त्येवढं सांगा."
मी दोन बोटं दाखवली, दोन कॅन.