पहिली कोण, ते मला आठवत होते

मी, लॉरेन्सियो लुगोलोबी, वय त्र्याऐंशी, कूळ पाणमांजराचे, धंदा झाडाच्या सालीचे कापड कुटण्याचा, राहणार क्याबिरी, मसाकाजवळ, युगांडा, पूर्ण शुद्धीवर असताना हा कागद लिहवून घेत आहे. कान थोडे गेले आहेत, डोके नाही. कोणी गळ घातलेली नाही. उलट थोरला मुलगा मातिया हे लिहूच नका म्हणून दोन दिवस मागे लागला होता. लिहून घेणारा आमच्या चर्चचा धर्मशिक्षक लुडोविको आहे. मी बोलेन तसे लिही, सुधारू नकोस, असे त्याला बजावले आहे.

माझ्या उत्तरकार्याला कुळातली माणसे जमली, की वारस बसवण्याआधी हा कागद मोठ्याने वाचावा. जेवण झाल्यावर नको. उकडलेल्या केळ्यांचे मटोके पोटात गेले की आमची माणसे ऐकत नाहीत, पेंगतात.

१. राहते घर, त्यामागची केळीची बाग आणि कुटाईची शेड मातियाला. तोच माझा वारस. धाकट्या कारोलीला सायकल आणि रेडिओ. दोघांची आई पेरेपेत्वा सहा वर्षांपूर्वी वारली. ती चांगली बाई होती, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यात तिचा काही दोष नाही.

२. कापड कुटायला तीन मोगऱ्या लागतात : जाड खाचांची, मधली आणि बारीक. बारीक मोगरी माझा भाऊ योवाना याने चर्चचे छप्पर घातले त्या वर्षी दोन दिवसांसाठी नेली. अजून त्याचे दोन दिवस संपलेले नाहीत. म्हणून उरलेल्या दोन्हीही त्यालाच देतो. निदान तिघी एका घरात नांदतील.

३. ज्यांच्या सालीचे कापड होते ती उतारावरची अकरा मुतुबाची झाडे चर्चला. दर वर्षी त्यांची साल काढावी, बुंध्याला केळीची पाने गुंडाळावीत, साल पुन्हा धरते. ते कापड फक्त ज्यांना कोणी नाही त्यांच्या प्रेताला वापरावे.

याचे कारण सांगतो. तारुण्यात मला देवाधर्माचे काही पडलेले नव्हते. एकदा मिशनमध्ये एका महारोग्याच्या दफनाचे कापड पोचवायला गेलो. आमच्यात मेलेल्याला त्याच्या माणसांनी आणलेल्या कापडात गुंडाळतात. ज्याचे कोणी नाही, तो उघडाच. तिथे चार बायका त्याला न्हाऊ घालत होत्या. तुमचा कोण, असे मी विचारले. एक म्हणाली, "आमचाच." तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तो दुसऱ्या मुलखातला होता. मी घरी आलो, पण ते "आमचाच" काही डोक्यातून जाईना. पुढच्या महिन्यात धर्मशिक्षणाला नाव घातले. चार वर्षे शिकलो.

४. आता खरी गोष्ट. ओढ्याकाठची केळीची बाग मी अनास्ताझिया नालुबोवा हिला देत आहे.

ती माझी कोण, हे तरुणांना माहीत नसेल. टोळधाड येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिला लग्न करून आणले. पेरेपेत्वाला आणले ते सात वर्षांनी. नालुबोवाचे एकच मूल, ते तापाने गेले. पेरेपेत्वाला दोन मुलगे झाले. बाप्तिस्मा घ्यायचा तर एकच बायको ठेवायची, आणि ती पहिली, असा नियम होता. मात्र गोऱ्या फादरांनी शिकवताना एक पुस्ती जोडली : पहिली कोण हे माणसाला खरोखरच आठवत नसेल, तर त्याने हवी ती ठेवावी. वर्गातले सगळे पुरुष हसले. मी हसलो नाही. मी ते वाक्य घरी घेऊन आलो.

आठ दिवसांनी मी फादरांना सांगितले, की दोघींना एकाच हंगामात आणले, पहिली कोण ते आठवत नाही. नालुबोवा आपली चटई आणि एक हंडा घेऊन भावाकडे गेली. मला बाप्तिस्मा मिळाला, पेरेपेत्वाशी चर्चमध्ये लग्न लागले. गावाने ठरवले, की नालुबोवातच काही खोट असणार. पाण्यावर बायका तिच्यापासून घागर लांब धरत. मी ते पाहत होतो आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसत होतो. सेहेचाळीस वर्षे ही गोष्ट मी पापनिवेदनात सांगितली नाही. मला लाज वाटते.

या उपवासकाळात सांगितली. आत्ताचे फादर माझ्या नातवाच्या वयाचे. म्हणाले, "आजोबा, देवानं क्षमा केली. पण तुम्ही त्या बाईचं नाव चारचौघांत घालवलंत, ते चारचौघांतच परत द्या." म्हणून हा कागद.

तेव्हा कुळाने ऐकावे : नालुबोवा माझी पहिली बायको. तिच्यात काही खोट नव्हती. खोटा मी होतो.

५. वरचे कलम लिहून झाल्यावर लुडोविकोला घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि ते तिला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. मी तिला घालवल्यानंतर दोन वर्षांनी तिनेही बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निम्म्या गावातल्या पोरांना प्रार्थना शिकवल्या, कारोलीलासुद्धा. सगळे ऐकून ती म्हणाली, "फादर तेव्हा मलाही विचारायला आले होते."

मला हे ठाऊक नव्हते. तू काय सांगितलेस, असे मी विचारले.

"मलाही आठवत नाही म्हटलं. तुम्ही मला नको म्हणत होता. नको असलेल्या घरात पहिली म्हणून बसून काय करू? आणि खरं सांगितलं असतं तर तुमचा बाप्तिस्मा राहिला असता." मग शेंगेचे टरफल टाकत म्हणाली, "मी ते खोटं माझ्या पहिल्याच पापनिवेदनात सांगून मोकळी झाले. तुम्ही अजून घेऊन बसलाय होय?"

मी तिथेच रडलो. लुडोविको बाहेर जाऊन उभा राहिला.

नंतर तिने विचारले, की या कागदावर साक्षीदार लागतात ना, मग मी सही करते. लुडोविकोने समजावले, की साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर बाग जाईल. ती म्हणाली, "माझे गुडघे गेले, बाग काय करू? ती त्या अकरा झाडांबरोबर चर्चला जाऊ दे. मला सही दे."

तेव्हा कलम ४ मधली बाग चर्चला. माझ्या हातचे सर्वांत तलम कापड मात्र मी तिला जिवंतपणीच हातात दिले आहे. त्यात हा कागद आड येत नाही. ते तिच्याजवळ आहे. मी गेल्यावर बायकोच्या हक्काने ती ते माझ्यावर घालेल. तिला कोणी अडवू नये.

हे सर्व मी ऐकून, समजून त्यावर आज सही करत आहे.

क्याबिरी, १२ एप्रिल १९९४
लॉरेन्सियो लुगोलोबी

साक्षीदार :
लुडोविको सेरवड्डा, धर्मशिक्षक
अनास्ताझिया नालुबोवा, पहिली बायको. हे मी माझ्या हाताने लिहिते. मला आठवतं.