कल्पिताचं शून्य

कांजूरमार्ग, ५ जानेवारी

ती. बाबांस, अनूचा सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. गोवंडीच्या शाळेत मी आठवीला इंग्रजी बोलायचं ॲप लावलंय. मुलांनी घरच्या मोबाईलवर रोज धडा बोलायचा, ॲप ऐकून गुण देतं, ते माझ्या यादीत येतात. तिसांतल्या एकोणतीस मुलांना नव्वदच्या वर! मुख्याध्यापक खूश, पण माझं मन थाऱ्यावर नाही. वर्गात हीच मुलं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. सुयोगला शहाण्णव आहेत. काल उभा केला तर घाम फुटला त्याला. एकवीस तारखेच्या भाषणस्पर्धेला त्याचंच नाव दिलंय. जिंकणाऱ्याला वर्षभर मोफत शिकवणी आहे.

शून्यावर एकटी कल्पिता. पालकसभेत तिच्या आईदेखत मी तिला आळशी म्हणाले. आई मासळी विकते, बाजार सोडून आली होती बिचारी.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

अनू

कुडाळ, १० जानेवारी

चि. अनूस, अनेक आशीर्वाद.

पोस्टमन नंदकुमार म्हणाला, गावात हातचं पत्र येणारा आता मीच उरलो. मोहर यंदा बरा आहे.

गिरणीत आमच्या खात्यात एक जण चौघांची हजेरी लावायचा. साहेबाने वही बघितली, माणसं कधी मोजली नाहीत. तूही आकडेच बघतेस गो. मुलांचे आवाज त्यात साठत असतील, तर ते ऐक. आणि त्या मासळीवालीच्या चेडवाला चारचौघांत बोललीस, ते मला मुळीच आवडलं नाही.

जेवणखाण वेळेवर कर. पोरांवर तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

बाबा

कांजूरमार्ग, २२ जानेवारी

ती. बाबांस, सा. न.

ऐकले. एकोणतीस नावं आणि आवाज एकच, कल्पिताचा! तिच्या घरी मोबाईल नाही. एका मोबाईलवर एकच नाव चालतं, म्हणून ही घरोघरी जाऊन आधी ज्याचं त्याचं नाव सांगून धडा बोलायची. मी विचारलं तर म्हणाली, बाई, तेवढंच मला बोलायला मिळायचं. एकेक धडा एकोणतीस वेळा, बाबा!

मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. शाळेचं कौतुक धुळीला मिळालं, मला नको नको ते ऐकावं लागलं, पण स्पर्धेला सुयोगऐवजी कल्पिताचं नाव घालून घेतलं. तिच्या आईची माफीही मागून आले.

काल स्पर्धा झाली. पोर ऐटीत उभी राहिली, सगळ्यांना नमस्कार केला आणि स्वतःचं नाव सांगायच्या जागी थांबली. सभागृह वाट बघतंय. रोज दुसऱ्यांची नावं घेतलेली, स्वतःचं एकदाही नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग हळूच “कल्पिता” असं म्हणाली, आणि पुढे पाच मिनिटं कुठे अडली नाही.

नंबर दुसरा आला, शिकवणी हुकली. आजपासून शाळा सुटल्यावर माझा मोबाईल तासभर तिच्याकडे असणार. पण ते थांबणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रागवा, पण लिहीत राहा.

अनू