कॅसेटचा दात

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. घरात बोलायची सोयच उरलेली नाही. मुलाच्या कानात बोंडं, सुनेच्या कानात बोंडं. मी बोलतो, ते मान हलवतात. ती माझ्या बोलण्यावर हलते की गाण्यावर, देव जाणे. शिसारी आलीय.
संकल्प दोन. रोज एक पान लिहिणे. आणि स्वयंपाकघरातल्या त्या बोलणाऱ्या डब्याशी मरेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. डब्यातल्या बाईला घरचे दिवसभर हुकूम सोडतात, ती गाणी लावते, हवामान सांगते. आमच्या हिचा घोगरा आवाजसुद्धा तिला बरोब्बर कळतो. कौतुक ऐकून कान किटले.

३ मार्च, संध्याकाळी
मुलाने नवं गाणं ऐकवलं. पंधरा सेकंद. पुढे काय, विचारलं. म्हणाला, लोक एवढंच ऐकतात. गाणं आहे की शिंक?
सव्वीस वर्षं कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलं मी. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे. यादीत टुकार गाणं दिसलं की मी ते खोडून चांगलं भरायचो. लोक दुसऱ्या दिवशी येऊन भांडायचे. पण भांडायचे, म्हणजे ऐकायचे तरी.

५ मार्च
२१ला हिचा साठावा वाढदिवस. मुलाने विचारलं, आई, काय हवं? सूनबाई फोनवर साड्या दाखवत होती. ही म्हणाली, साडी नको. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लग्नाच्या वर्षी तुम्ही माझं गाणं टेप केलं होतंत ना, ते एकदा ऐकायचंय."
ही गायची. चांगली गायची. मुलगा चार वर्षांचा असताना घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला, हा घोगरा तेवढा उरला. सुनेने तर हिला गाताना कधी ऐकलेलंच नाही. ती एक कॅसेट सोडली तर पुरावा नाही.
मुलगा म्हणाला, कॅसेट बाहेर देऊन गाणं फोनवर भरून आणतो. मी म्हटलं, खबरदार. २१ला मी स्वतः ऐकवीन, माझ्या कॅसेट-डेकवर. शब्द दिला सगळ्यांसमोर. पंधरा दिवस म्हणजे भरपूर झाले, मला दोनच पुरेत.

६ मार्च
कॅसेट लगेच सापडली. (हिने शोधली. शिवणाच्या मशीनमागे होती.) वर माझ्या अक्षरात हिचं नाव. लाल शाई.
पण एक भयंकर प्रकार. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा बारका दात असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. महत्त्वाच्या कॅसेटचा दात मी तिथल्या तिथे मोडतो, हे गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय. याही कॅसेटचा मोडलाय. पण त्या भोकावर कुणीतरी सेलोटेप लावलाय! म्हणजे दात पुन्हा बसवल्यासारखंच. कुणीही काहीही भरू शकतं.
हे काम मुलाचं. शाळेत असताना मॅचची कॉमेंट्री टेप करायचा. सेलोटेप कात्रीने कापून कोपरेसुद्धा गोल केलेत. ही माझी पद्धत, कार्ट्याने माझ्याकडूनच उचललेली.

७ मार्च
मुलाला खडसावलं. म्हणाला, "मी तुमच्या कॅसेटला हात लावला असता तर आज हा हात शिल्लक असता का?" चोराच्या उलट्या बोंबा. त्याच्याशी बोलणं बंद. ही मधे पडली, म्हणाली, जाऊ द्या, गाणं असेल शाबूत. हिचा स्वभावच असा, सगळ्यांवर पांघरूण घालायचं.

९ मार्च
डेक उघडला. आतला रबरी पट्टा वितळून काळा चिकट लगदा झालाय. हाताला, शर्टाला, टॉवेलला, दाराच्या कडीला. तिथून सगळ्यांच्या हाताला. शी! जेवतानाही बोटांना वास.
काळजीचं कारण नाही. बाजारात पट्टा मिळेल.

११ मार्च
मिळाला नाही. जिथून सव्वीस वर्षं सुटे भाग आणले त्या दुकानात आता फोनची कव्हरं. चकचकीत, कानवाली, शेपटीवाली. मालकाला पट्टा मागितला तर म्हणाला, हे माझ्या वडिलांना माहीत असतं. मग वडिलांना विचार की, म्हटलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली म्हणे. शेपटीवालं एक कव्हर घेऊन आलो. मला लागत नाही.

१३ मार्च
फायलीचं रबर लावून पाहिलं. डेक फिरला! अनुभव तो अनुभव. चाचणीसाठी एक जुनी कॅसेट घातली. गायक आधी बाईच्या आवाजात, मग म्हशीच्या. मग टेपचा शेवयांसारखा गोळा बाहेर. हिची कॅसेट घातली नव्हती, ही माझी दूरदृष्टी.

१६ मार्च
सूनबाई दातांची डॉक्टर. खालीच दवाखाना. तिने न विचारता डेक उचलून नेला आणि दात कोरायच्या सळ्यांनी तो लगदा खरवडून काढला. एक पेशंट आ वासून खुर्चीत, आणि सूनबाई डेकमध्ये डोकं घालून. मी टॉर्च धरला होता. म्हणजे काम माझ्या देखरेखीखालीच झालं.
पट्टा मुलाने परवाच फोनवरून मागवला होता. दुसऱ्या दिवशी दारात. एवढ्या लवकर आलेली वस्तू टिकाऊ नसणार.

१८ मार्च
डेक ठणठणीत. मुलगा म्हणाला (सुनेमार्फत, कारण बोलणं बंद), आधी एकदा आपण ऐकून बघू. साफ नकार दिला. या लोकांना कशाची वाट बघणंच माहीत नाही. २१ला सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. आणि त्याचं काळं कृत्य त्याच्यासमोरच ऐकू येऊ दे.

२१ मार्च, सकाळी
शर्ट इस्त्री केला. आधी पाच मिनिटं प्रास्ताविक करीन. हिने केस धुतलेत. सकाळपासून दोनदा विचारलं, चालेल ना नक्की? म्हटलं, शंका नको.

२१ मार्च, संध्याकाळी
प्रास्ताविक झालं. बटण दाबलं. खरखर. मग माझा आवाज, तारीख, गाणाऱ्या बाईंचं नाव. मग हिने घसा साफ केला आणि गायला लागली.
मी विसरलो होतो. इतकं विसरलो होतो की, ही कोण, असं क्षणभर वाटलं. सूनबाईने तोंडावर हात ठेवला.
एक ओळ झाली. दुसरी सुरू होतेय तोच खट्ट. "हॅलो, हॅलो. नमस्कार." मुलाचा आवाज नव्हता. कॉमेंट्री नव्हती. माझा आवाज. पुन्हा तारीख, सहा वर्षांनंतरची. "कॅसेटची निगा, या विषयावर दोन शब्द. घरात कोरी कॅसेट नाही, एक बिनकामाची सापडली, तिच्यावरच घेतोय."
दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचं म्हणून केलं असणार. ऐकवलंच नाही कधी. पंचवीस मिनिटं तो माणूस बोलत होता. तुपात घोळलेला, स्वतःवर खूश झालेला आवाज. दात मोडायला विसरू नका, हे तीनदा. इतकी किळस मला कुठल्याही नव्या गाण्याची आली नाही.
बंद करायला गेलो. हिने हात धरला. पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "त्या तारखेला मी दवाखान्यात होते. ऑपरेशन झालं होतं."
मुलाने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२२ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

२३ मार्च
मुलाला म्हटलं, चुकलं. तो म्हणाला, ठीक आहे बाबा. बोंडं काढून म्हणाला.
जेवढं गाणं उरलंय तेवढं त्याने फोनवर घेतलंय, डब्यातही घातलंय. मोजलं. अकरा सेकंद.

२५ मार्च, सकाळी ६
ही बागेत फिरायला गेली असं समजून स्वयंपाकघरात गेलो. डब्यासमोर उभा राहिलो. घसा साफ केला, स्वच्छ निवेदकाच्या आवाजात हिचं नाव घेऊन गाणं लावायला सांगितलं. डब्यातली बाई म्हणाली, मला समजलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विनंती केली.
ही दारातच उभी होती, चपला हातात. किती वेळ, विचारलं नाही. त्याच घोगऱ्या आवाजात हिने डब्याला दोन शब्द सांगितले, आणि लागलं.
अकरा सेकंद. मग शांत.
मी म्हटलं, परत लाव. हिने परत लावलं.